परत कधी येणार? नागपुरातल्या एथिक्स कमिट्यांच्या सदस्यांना खुले पत्र

माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

पालकत्व आणि बालविकास या विषयावरच्या एका विद्यापीठीय अभ्यासाची मी तीन वर्षं समन्वयक होते. अभ्यास कोणत्या विभागाचा, हे इथे सांगत नाही. ज्या घरांनी आमच्यावर विश्वास टाकला त्यांची ओळख त्यातून उघडी पडू शकते, आणि जे मला सांगायचं आहे ते एका विभागापुरतं नाहीच. संशोधनाला परवानगी देण्याआधी तुमच्यापुढे जो प्रस्ताव येतो, त्यात माझ्यासारखीची एक ओळ असते: 'प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, पद १, कालावधी ३६ महिने.' घरं शोधणं, आयांना समजावून सांगणं, सह्या-अंगठे घेणं, भेटीच्या तारखा लावणं, त्या मोडल्या की पुन्हा लावणं, फिल्डवरच्या मुलींना सांभाळून घेणं, आणि बाळ सहा महिन्यांचं, वर्षाचं, दोन वर्षांचं झालं की नेमक्या त्याच आठवड्यात त्याच्या दारात उभं राहणं, हे सगळं त्या ओळीत बसतं.

गेल्या जूनमध्ये बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मला मागून हाक आली. "मॅडम, ओ मॅडम!" आमच्या अभ्यासातली पारडीकडची एक आई. हाताशी मुलगा, खांद्यावर त्याचं नवं कोरं दप्तर. आपल्याकडच्या शाळा उघडायला आठवडा होता. मी त्या मुलाला शेवटचं पाहिलं तेव्हा तो दोन वर्षांचा होता. तिने हालहवाल विचारले, मग पर्समधून एक कार्ड काढलं. ते मीच दिलेलं होतं. आमच्या ऑफिसात लॅमिनेट केलेलं, अभ्यासाचं नाव, खाली फोन नंबर, 'काही शंका असल्यास या क्रमांकावर फोन करा.' कोपरे उकलले होते, नंबरवर पेनाने रेघ ओढलेली होती.

"तुमी सांगणार होत्या नं जी? म्या तीनदा फोन लावला. बंदच सांगते."

नंबर बंद होता, कारण अभ्यासाची मुदत ३१ मार्चला संपली त्या दिवशी मी टॅब, वजनकाटा, खेळण्यांची पिशवी आणि ते सिमकार्ड विभागात जमा केलं आणि रजिस्टरवर सही केली. रिचार्जचे पैसे अभ्यासाच्या खात्यातून येत, ते खातं बंद झालं. कोणी वाईट हेतूने काही केलं नाही. सगळं नियमाप्रमाणे झालं.

दोन वर्षांच्या भेटीत तिचा मुलगा दोन शब्द जोडून बोलत नव्हता. 'माय' म्हणे, 'पानी' म्हणे, पुढे काही नाही. आमच्या फिल्डवरच्या मुलीने फॉर्मवर खूण केली ती तिने पाहिली. जाताना तिने मला दाराशी अडवून विचारलं होतं, "माझं लेकरू बरोबर हाय नं?" आम्हाला शिकवलं होतं तेच उत्तर मी दिलं: "ताई, सगळ्या मुलांचा अभ्यास पूर्ण झाला की आम्ही येऊन सांगू." हे मी मनाने रचलेलं नव्हतं. संमतीपत्रात तशी ओळ होती, 'अभ्यासाचे निष्कर्ष सहभागींना कळवले जातील', आणि त्या पानावर एथिक्स कमिटीचा शिक्का होता. ती ओळ मी प्रत्येक घरात मोठ्याने वाचून दाखवली आहे.

मुलगा आता भरभर बोलतो. दप्तरावर कोणतं कार्टून हवं यावरून तो तिथेच आईशी भांडत होता. पण मधला सगळा काळ त्या घरात आमचं न येणं कसं वाचलं गेलं, ते तिने सांगितलं. सासू म्हणे, शिकल्या-सवरल्या बाया आल्या, पोराले पाहून गेल्या अन् मग परत आल्याच नाई. काईतरी दिसलं असन, म्हनून सांगत नाईत. आम्ही गप्प राहिलो, त्याचा अर्थ घरात वाईट बातमी असा लागला. देवळात नवस बोलला गेला. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जावं की नको यावरून नवरा-बायकोत वाद झाले. आणि आमच्या कागदांत त्या कुटुंबापुढे नोंद आहे: 'सहभाग पूर्ण.'

म्हणून हे पत्र. माझं मागणं एकच आहे. माणसांच्या घरात जाऊन मुलांचा अभ्यास करणाऱ्या कोणत्याही प्रस्तावाला मंजुरी देण्याआधी संशोधकांना विचारा: परत कधी जाणार, कोण जाणार आणि त्याचे पैसे बजेटमध्ये कुठे आहेत? उत्तर मिळेपर्यंत शिक्का मारू नका.

ही घरं आम्हाला काय देतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी कागदावरच पाहिलेलं असेल, म्हणून एक भेट सांगते. मे महिना. दहा बाय दहाची खोली, वर टिनाचं छत. आई आणि बाळ दहा मिनिटं खेळणार आणि आम्ही त्याचा व्हिडिओ घेणार. ठोकळे, कप-बशी, कापडी बाहुली आणि चित्रांचं पुस्तक, सगळ्या घरांत तीच खेळणी, म्हणजे तुलना करता यावी. नंतर आमच्यातल्या दोघीजणी वेगवेगळ्या बसून तोच व्हिडिओ थोडा थोडा करून पाहतात: बाळाने काहीतरी आवाज काढला, आईने उत्तर दिलं का? बाळाने बोट दाखवलं, आईने तिकडे पाहिलं का? दोघींनी दिलेले गुण जुळले तरच ते धरायचे. यासाठी आवाज स्वच्छ हवा. आणि नागपूरच्या मे महिन्यात त्या खोलीत सगळ्यात मोठा आवाज कूलरचा.

मी काही बोलायच्या आत त्या आईनेच उठून कूलर बंद केला. दहा मिनिटांच्या व्हिडिओसाठी मांडामांड धरून अर्धा तास गेला. बाळाची पाठ घामोळ्यांनी लाल झाली होती. आई पदराने त्याला वारा घालत होती आणि मधूनच कॅमेऱ्याकडे बघून थांबत होती, आपण काही चुकीचं करतो आहोत का म्हणून. त्यानंतर आम्ही उन्हाळ्यातल्या भेटी सकाळी सातवर नेल्या. तर ती नळ येण्याची वेळ! एका आईने त्या दिवशी शेजारणीला भांडी भरायला बसवलं आणि आम्हाला वेळ दिला. रोजी बुडवून थांबलेल्या बायाही होत्या. येण्या-जाण्याचे पैसे आम्ही दिले, पण पाण्याच्या पाळीचा मोबदला कुठल्या रकान्यात लिहायचा?

आणि इतकं करून आम्ही त्यांच्याकडून जे नेतो ते तरी नीट असतं का? एका घरी प्रश्न होता, 'घरात मुलासाठी खेळणी किती?' आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "खेळणी कुठं जी, काईच नाई." तिच्या मागच्या फळीवर तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी होता, गळ्यात मण्यांची माळ, शिंगांना बेगड. पुढे बसलेल्या लेकराच्या हातात तिनेच दिलेला कणकेचा गोळा होता आणि त्याची चिमणी करून तो तिला दाखवत होता. ती लाटता लाटता म्हणाली, "वा रे वा! चोच कुठं हाय हिची?" त्याने चोच काढली. पुढचा प्रश्न आला, 'तुम्ही मुलाशी रोज किती वेळ खेळता?' ती म्हणाली, "मले टाइम कुठं." आईने जे सांगितलं तेच नोंदवायचं, असा नियम. फॉर्मवर दोन शून्यं पडली. ती मी माझ्या हाताने लिहिली आहेत, आणि माहिती गोळा करणाऱ्याने उत्तरात आपलं मन घालू नये हा नियम मला मान्यही आहे. पण हे शून्य म्हणजे काय, हे सांगण्याची संधी त्या आईला कधीतरी मिळायला हवी. निष्कर्ष घेऊन परत गेलो, तर ती मिळते.

प्रश्नावल्यांच्या भाषेबद्दल थोडंच लिहिते. इंग्रजीतून मराठीत, मराठीतून पुन्हा इंग्रजीत असं भाषांतर तपासून आम्ही फॉर्म केला होता आणि तो बरोबरच होता. तरी 'तुम्ही मुलासोबत दर्जेदार वेळ घालवता का' हा प्रश्न वाचला की बहुतेक घरांत आधी शांतता, मग "म्हंजे?" दर्जेदार म्हणजे चांगल्या कपड्यांत, बाहेर फिरायला नेणं, असा अर्थ एकीने लावला होता.

अभ्यास संपल्यावर, मार्गदर्शक मॅडमची परवानगी घेऊन, मी एकदाच एका वस्तीतल्या अंगणवाडीत गेले. माझ्या वेळेत, माझ्या खर्चाने. आल्या अकरा आया, दोन आज्या आणि सेविका ताई. कोणाचेही गुण सांगितले नाहीत. कार्डशीटवर चित्रं काढून आम्ही काय पाहत होतो, एवढंच सांगितलं: लेकरू हुंकार देतं, मोठं माणूस त्याला उत्तर देतं, लेकरू पुन्हा काहीतरी म्हणतं, या देवाणघेवाणीतून बोलणं उभं राहतं, त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. कणकेच्या चिमणीची गोष्टही सांगितली, कोणाच्या घरची ते न सांगता.

एक आजी बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमी मायलेच कॅमेऱ्यात घेतलं. दिवसभर ह्याच्याशी बोलते कोन? मी. ही तर कामाले जाते." कोणाकडेच उत्तर नव्हतं. आमच्या फॉर्मवर 'प्रमुख सांभाळ करणारी व्यक्ती' या रकान्यात 'आई' असं छापूनच आलेलं होतं. कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांबद्दल आमच्या आकडेवारीतून जो काही अर्थ कोणी काढेल, त्याला त्या आजींच्या बोलण्याने धक्का बसतो. हे आम्हाला तज्ज्ञांच्या बैठकीत कोणी सांगितलं नव्हतं. सेविका ताईंनीही विचारलं, "दर महिन्याले मी लेकरायचं वजन करतो, सगळी माहिती भरतो. तुमच्या अभ्यासातलं आमाले कोनी काऊन सांगत नाई?" त्या मुलांना महिन्यातून सर्वांत जास्त वेळा पाहणारी बाई तीच, आणि तिला आम्ही पत्ता विचारण्यापुरतं वापरलं.

परत जाऊन सांगा, या मागणीवर मला मिळालेली उत्तरं तुमच्याही कानावर येतील. पहिलं असं की, हे निष्कर्ष गटाचे असतात, एकेका मुलाचे नसतात. एका मुलाचा कच्चा गुण आईला सांगणं चूक आहे. हे खरं आहे. दोन वर्षांच्या मुलाने दोन शब्द जोडले नाहीत म्हणजे त्याला काही झालं आहे असं होत नाही, आणि फॉर्म भरणाऱ्या मुलीला निदान करण्याचा अधिकारही नाही. पण गटाचा निष्कर्ष गटाला सांगता येतो, आणि शंका वाटेल त्या मुलाला कुठे पाठवायचं हे आधीच ठरवता येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्यात वाढीत मागे पडणाऱ्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी हे लवकर तपासणी आणि उपचाराचं केंद्र असतं. तिथे पाठवण्याची चिठ्ठी माझ्या पिशवीत असती, तर दाराशी अडवणाऱ्या त्या आईला मी वेगळं काही सांगू शकले असते.

दुसरं असं की, आधीच काही सांगितलं तर आई-बाप वागणं बदलतील आणि पुढची मोजणी बिघडेल. मग शेवटच्या फेरीनंतर सांगा. शेवटच्या फेरीनंतर कोणती मोजणी बिघडते?

तिसरं पैशांचं. एक समाजभवन, पोहे-चहा, कार्डशीट, दोन मुलींचा चार दिवसांचा पगार आणि एका सिमकार्डचं दोन वर्षांचं रिचार्ज. आमच्या अभ्यासात एका परदेशी चाचणीच्या किटवर जे पैसे गेले, त्यातून हे अनेकदा झालं असतं.

आणि घरांशी नातं टिकवणं ही काही निव्वळ माणुसकीची बाब नाही, विज्ञानही त्यावरच उभं राहतं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास सुरू झाला. ती माणसं ४५ वर्षांची झाली तेव्हा हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के पुन्हा तपासणीला आली. परदेशी गेलेल्यांना अभ्यासाच्या खर्चाने बोलावून घेतलं गेलं. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ लहान मुलांना घेऊन एक प्रयोग झाला. काही घरांत आरोग्यसेविका दर आठवड्याला जात, घरी बनवलेल्या खेळण्यांनी आईला आणि बाळाला खेळायला शिकवत, आणि हे दोन वर्षं चाललं. साधारण वीस वर्षांनी त्या १२९ पैकी १०५ जणांना शोधून काढलं गेलं, आणि ज्यांच्या घरी त्या बाया जात होत्या त्यांची कमाई सुमारे २५ टक्के जास्त निघाली. जगभर बालसंगोपनावर खर्च करा असं सांगताना हाच आकडा पुढे केला जातो. ती माणसं सापडलीच नसती, तर तो आकडा नसता. आणि एवढं लांब कशाला जायचं, आपल्या पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये गरोदर बायांपासून सुरुवात केली, आणि पोटातली ती मुलं तरुण होईपर्यंत त्यांची साथ सोडली नाही.

आपल्या शहराचंही या विषयाशी जुनं नातं आहे. भारतीय मुलांची बुद्धिमत्ता मोजायला देशभर वापरली गेलेली मालिन चाचणी नागपुरातली. डॉ. आर्थर मालिन यांनी अमेरिकेतली वेक्सलर चाचणी इथल्या मुलांसाठी बसवली, १९६९ मध्ये तिची पुस्तिका इथल्याच बालमार्गदर्शन केंद्रातून निघाली. म्हणजे गेली पन्नासहून अधिक वर्षं नागपूरची मुलं आपल्याला उत्तरं देत आली आहेत.

आमच्या अभ्यासातलं ते दप्तरवालं पोरगं आणखी काही वर्षांत सात वर्षांचं होईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी संमती घ्यावी लागते, आई-बापाची असली तरी. उद्या कोणी पाठपुराव्याचा अभ्यास घेऊन त्या दारात गेलं, तर त्याला स्वतःला विचारावं लागेल. घरात तोवर काय ऐकलं असेल त्याने आमच्याबद्दल? त्याच्या आजीचं म्हणणं मी वर लिहिलंच आहे.

त्याच तत्त्वांप्रमाणे तुमच्या कमिटीत ७ ते १५ सदस्य असतात: डॉक्टर, वकील, समाजशास्त्राचे जाणकार, आणि त्यात एक सामान्य नागरिक असतो, ज्याला तुम्ही लेपर्सन म्हणता. माझं हे पत्र खरं तर त्या सदस्याला आहे. तुम्हाला बैठकीत नमुन्याचा आकार आणि सांख्यिकी यांवर बोलावंसं वाटत नसेल, मला कळतं. पण संमतीपत्रातली 'निष्कर्ष कळवले जातील' ही ओळ तुम्ही वाचू शकता, आणि समोर बसलेल्या प्राध्यापकांना विचारू शकता: हे कोण कळवणार? तिचं नाव, तारीख आणि पैसे दाखवा. ती तारीख आल्यावर तिला पत्र पाठवून विचारा, जाऊन आलात का? वार्षिक अहवाल तुम्ही मागवताच, त्यात एक रकाना वाढवा. आणि कार्डावर छापलेला नंबर अभ्यास संपल्यावरही किमान दोन वर्षं लागला पाहिजे, विभागातल्या कोणीतरी तो उचलला पाहिजे, ही अट मंजुरीच्या पत्रातच घाला.

विभागातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी हा आपल्यावर ठपका समजू नये. तेही कंत्राटावर, पुढच्या प्रस्तावाच्या मागे धावणारे. त्यांच्या हातात वेळ राहत नाही, म्हणून तर हे तुमच्याकडून यायला हवं.

त्या दिवशी बर्डीवर मी त्या आईला माझा स्वतःचा नंबर दिला. तिने तो त्याच कार्डावर, जुन्या नंबराखाली लिहून घेतला. दोन दिवसांनी तिच्या शेजारणीचा फोन आला, मग आणखी एकीचा. मार्गदर्शक मॅडमशी बोलून आता ठरलं आहे: पोळ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी अकरा वाजता त्यांच्या वस्तीतल्या समाजभवनात मी जाणार आहे, गटाचे निष्कर्ष मराठीत लिहून घेऊन. या वेळी आज्यांनाही वेगळं बोलावणं केलं आहे. कमिटीतलं कोणी येऊन बसलं तर चालेल का, हे मी बायांना विचारलं. "येऊ द्या की जी," म्हणाल्या. सतरंजीवर बसायची तयारी ठेवा.

आपली,
एक माजी प्रकल्प समन्वयक, नागपूर